चढावर नवी, उतारावर जुनी

समजा, तुम्हाला ट्रक घ्यायचा आहे. हौस म्हणून नाही, पोटासाठी. केळी भरून उत्तरेकडे न्यायची. धुळ्याबाहेर हायवेला लागून जुन्या गाड्यांचं आवार आहे, तिथे तुम्ही भर उन्हात उभे आहात. समोर रस्ते तुडवून तुडवून म्हातारी झालेली एक गाडी, वरून ताजा रंग मारलेली. रस्त्याच्या पलीकडे शोरूम, आणि काचेआड कोरी गाडी, सीटवरचं प्लॅस्टिकही अजून न काढलेलं. तुम्ही काय बघाल? टायर बघाल. ऑइलचं झाकण उघडून इंजिन धूर फेकतं का ते बघाल. चेसीवर हात फिरवून वेल्डिंगचा डाग कुठे लागतो का ते चाचपाल. थोडे शहाणे असाल, तर गाडीखाली आडवे होऊन कमानीचा तुटका पाटा शोधाल.

हिलाल यातलं काहीच आधी बघत नाही. तो केबिनमध्ये चढतो, दार ओढून घेतो, आतून खटका लावतो आणि खाली उभ्या असलेल्या माणसाला म्हणतो, "आते उघाडी दखाड."

त्या दिवशी खाली भटू दलाल होता. त्याने दार ओढलं, हिसडलं, शेवटी पायरीवर चढून दोन्ही हातांनी झोंबला. दार हललं नाही.

"भो, तुले गाडी लेनी शे का किल्ला?" भटूने घाम पुसत विचारलं.

"लाथ मार."

"मना पाय मोडी ना!"

"मोडू दे. मोडना तर गाडी चांगली शे."

भटूने शिवी हासडून लाथ मारली. दार टिकलं. मग हिलालने सीटच्या मागे हात घातला. टामी, म्हणजे चाकाचे नट खोलायचा तो हातभर लोखंडी दांडा, बसल्या जागेवरून एका झटक्यात हाताशी येतो का, हे त्याने तीनदा करून पाहिलं. काचेवर आतून बुक्की मारली. आरसा मुठीत धरून पिळला. भटू दलालाने आयुष्यभर गिऱ्हाइकं पाहिली होती. हा गाडी घेत नव्हता, मारामारीला जोडीदार निवडत होता.

आणि खरंही तेच होतं. हिलाल अमळनेर तालुक्यातला. चाळिशी ओलांडलेला, बुटका, जाड मानेचा. डाव्या कानाला पाळी नाही. ती सावद्याला केळी भरायच्या नंबरावरून झालेल्या भांडणात एका ड्रायव्हरने दातांनी तोडली. तो ड्रायव्हर अजूनही सावद्याला भेटला की हिलालला चहा पाजतो, आणि पाजताना म्हणतो, "अर्धी साखर कमी टाक रे, याना अर्धाच कान ऐकस." हिलालही हसतो. लोकांच्या गाड्या चालवण्यात त्याचं सगळं तारुण्य गेलं. आता मालकाने धंदा बंद केला होता, आखाजीचा, म्हणजे अक्षय तृतीयेचा, मुहूर्त जवळ आला होता, आणि हिलालला पहिल्यांदाच स्वतःची गाडी घ्यायची होती. नवी की जुनी, एवढंच ठरवायचं होतं. पण ज्या घाटातून त्याची रोजी जाते, त्या बिजासनच्या घाटाने त्याला दोन्हींबद्दल एकेकदा सांगून ठेवलं होतं.

जुनीबद्दल आधी सांगितलं. मालकाची गाडी घेऊन हिलाल घाट उतरत होता. मागे लोखंडी पाइप. दुसऱ्याच वळणावर ब्रेकचा पाय थेट फळीला टेकला आणि हवेच्या काट्याने मान टाकली. पुढे माणसांनी भरलेली जीप. हिलालने गिअरमध्ये गाडी कोंबली, गिअरबॉक्स हाडं चावल्यासारखा वाजला, गाडी थांबली नाही. मग त्याने स्टिअरिंग डोंगराकडे मारलं. दगडाने केबिनची डावी बाजू सोलून काढली. पाइप मागून सुटले आणि केबिनची भिंत फोडून, त्याच्या डोक्याच्या एक वीत बाजूने, समोरच्या काचेतून बाहेर गेले. बरगड्या मोडल्या, जीव राहिला. त्याची बायको रूपा दवाखान्यात त्याच्या उशाशी बसून एकच गोष्ट म्हणाली, "काहो, मरनं व्हई तर मरा. पन मन्हा समोर जुनी गाडीनं नाव काढानं नही."

नवीबद्दल घाटाने सांगितलं, ते पुनाच्या जिवावर.

पुना हिलालच्याच गल्लीतला, त्याच्याच मालकाकडे ड्रायव्हर. उंच, सडपातळ, तोंडाचा फाटका. दोघांच्या गाड्या मागेपुढे निघायच्या. त्यांचा रस्त्यावरचा एक खेळ होता: मागच्याने डिपर द्यायचा, म्हणजे हेडलाइट भकभक मारायचे, आणि पुढच्याने लांब हॉर्न वाजवून उत्तर द्यायचं. अर्थ एवढाच, की जिवंत आहेस का रे म्हसोबा? आणि उत्तर: तुझ्या बापाला विचार. वर्षानुवर्षं हे चाललं. मग पुनाने नोकरी सोडून स्वतःची गाडी घेतली. कोरी. पाहायला गल्ली जमली. पुनाचा बाप मोतीलालआबा, सत्तरीचा शेतकरी, त्याने गाडीला बैलासारखं ओवाळलं आणि बोनेटवर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला.

मागच्या उन्हाळ्यात चोपड्याकडच्या मळ्यातून दोघांनी केळी भरली. दिवेलागणीला शिरपूर सोडलं. हिलाल पुढे, मालकाच्या जुन्या गाडीत. पुना मागे, आपल्या नव्या गाडीत. घाट चढून हिलाल वरच्या हॉटेलाशी थांबला. चहा आला, प्याला, गार झाला. पुना आला नाही. फोन लागत होता, कोणी उचलत नव्हतं.

हिलालने टामी काढली आणि उतारावरून पळत सुटला.

पुनाची गाडी चढाच्या वळणावर, इंजिन चालू, दिवे चालू, जागच्या जागी उभी होती. समोरची काच आत कोसळलेली. तोंडाला फडकी बांधलेले पाचसहा जण. दोघे बॅटरीचे बोल्ट खोलत होते, एक डिझेलच्या टाकीत नळी घालून बसला होता, बाकीचे केबिनच्या दाराशी. पुना अर्धा आत, अर्धा बाहेर लोंबत होता, आणि एक जण त्याच्या बोटांवर दगड मारत होता, कारण त्या बोटांत मोबाइल होता आणि ती सुटत नव्हती.

हिलाल ओरडला नाही. ओरडण्यात दम जातो हे त्याला माहीत होतं. त्याने पहिला टोला दगडवाल्याच्या कोपरावर दिला. हाड तुटल्याचा आवाज सुक्या काटकीसारखा आला. दुसरा टोला बॅटरीवाल्याच्या पाठीत. मग कोणीतरी मागून दगड घातला आणि हिलालच्या डोळ्यांपुढे लाल पडदा आला. तो आंधळ्यासारखा टामी फिरवत राहिला, पत्र्याला लागली, माणसाला लागली, रस्त्याला लागून ठिणग्या उडाल्या. खालून दुसऱ्या ट्रकचे दिवे वर चढले तेव्हा ती माणसं दरीत उतरून गेली. दोन बॅटऱ्या आणि पुनाचा मोबाइल घेऊन गेली.

हिलालने पुनाला मांडीवर घेतलं. डोक्याच्या एका बाजूला हात ठेववत नव्हता. पुना म्हणाला, "गाडी चालेच ना, भो. पाय पुरा दाबेल व्हता. चालेच ना."

सेंधव्याला नेईपर्यंत पुना गेला.

दहावं झालं, आणि अकराव्या दिवशी दोन जीप भरून गाव धुळ्याला गेलं. शोरूमच्या काचेतून पहिली टामी गेली ती हिलालची. खुर्च्या बाहेर उडाल्या. कोऱ्या गाडीचे दिवे फुटले. साहेब मागच्या दाराने पळाला. पळाला नाही तो एकच, चंदन नावाचा मेकॅनिक. तिशीचा, किडकिडीत, निळ्या कपड्यातला. पोलिसांनी बोलावलं होतं तेव्हा त्यानेच पुनाच्या गाडीला आपलं यंत्र जोडून तपासणी केली होती. तो हात पुढे करून उभा राहिला आणि म्हणाला, "ऐका, गाडी बिघडली नव्हती. युरियाच्या टाकीत काय टाकलं होतं, तेवढं सांगा मला."

नव्या गाड्यांना डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक लहान टाकी असते. तिच्यात शुद्ध पाण्यात कालवलेला खास युरिया घालतात. तो धुराचं विष मारतो. तो संपला किंवा खराब निघाला, तर गाडी स्वतःच आपली ताकद कमी करते आणि बैलगाडीसारखी चालते. धूर घाण करून पळण्यापेक्षा रांगलेलं बरं, असं तिला शिकवलेलं असतं. चोर, घाट, रात्र हे तिला कोणी शिकवलेलं नसतं.

चंदन हे सांगू पाहत होता. पण हिलालला ऐकू आलं ते एवढंच, की हा मेलेल्या पुनावर ढकलतोय.

"मरेल मानूसवर नाव घालस?" म्हणत त्याने चंदनची गचांडी धरली. चंदन पडला. पडल्यावरही तो तेच विचारत होता, "टाकीत काय टाकलं?" आणि प्रत्येक वेळी विचारलं की लाथ बसत होती. मोतीलालआबाने आपली काठी त्याच्या पाठीवर मोडली. हिलालने त्याचा उजवा हात फरशीवर दाबून धरला आणि मनगटावर टामी घातली. त्यानंतर चंदनने काही विचारलं नाही.

पोलीस केस झाली, पंच बसले, शोरूमवाल्यांनाही बोभाटा नको होता, मिटवामिटवी झाली. चंदन नोकरी सोडून गेला. हिलाल घरी येऊन जेवला आणि झोपला. त्याला त्या रात्री चांगली झोप लागली.

तर असं. उतारावर जुनी मारते, चढावर नवी मारते. मधे माणसाने गाडी घ्यायची. हिलालने वर्षभर विचार करून जुनीच पत्करली होती. ब्रेकचं आपण बघू. दर फेरीला चाकं खोलून बघू. पण जी गाडी आपला पाय पुरा दाबलेला असताना आपलं ऐकत नाही, तिच्यात बसायचं नाही. भटूला त्याने सांगितलं, दोन दिवसांत येतो.

रूपाला कळलं तेव्हा ती भाकरी थापत होती. तिने हातातला उंडा परातीत आपटला.

"मरा मंग. माले अजून एकदाव दवाखानाना जिना चढनं शे."

"पुना नवी गाडीमाच मरना ना?"

"पुनाले मानसंनी मारं. गाडीनी नही."

"गाडी चालती तर मानसं कसाले पोचतात?"

तिने नवी भाकर तव्यावर टाकली आणि पाठमोरी म्हणाली, "आबानी बलायेल शे तुमले. वावरमा."

मोतीलालआबाच्या वावरात, केळीच्या बागेशेजारी, पत्र्याच्या शेडखाली पुनाची गाडी उभी होती. पोलिसांनी सोडल्यावर ती इथेच होती. कर्जाला विमा होता, गाडी मोकळी झाली होती. आबाने नवी काच आणि नव्या बॅटऱ्या बसवून घेतल्या होत्या. हिलाल वर्षभर या बाजूला फिरकला नव्हता. आज गाडी पाहिली आणि त्याच्या मुठी आपोआप वळल्या.

"ये हिलाल. बठ," आबा म्हणाला. "तू गाडी लेस म्हने. पुनानी गाडी ली जाय."

"आबा, हाई गाडी वैरीन शे."

"नको बोलू असं. तिनी काय करं? मी तिले एक दिनबी उपाशी ठेयेल नही. आठ दिनमा चालू करस. खावा-पेवाले देस." आबा हसला. दात नव्हते, पण हसू पुनाचंच होतं. "देख तर खरं."

आबा उठला. शेडच्या कोपऱ्यात ठिबकला खत सोडायचा निळा ड्रम होता. शेजारी युरियाचं उघडं पोतं. आबाने ओंजळी भरभरून खत ड्रममध्ये टाकलं, वरून विहिरीच्या पाण्याची बादली ओतली, बाही वर करून कोपरापर्यंत हात घालून ढवळलं. वर पिवळसर तेलकट तवंग आला. खताच्या दाण्याला कडुलिंबाच्या तेलाचा लेप असतो, त्याचा. आबाने तो तवंग जुन्या धोतराने हळूच टिपून घेतला, पाणी दुहेरी फडक्यातून गाळलं, डब्यात भरलं. मग गाडीशी जाऊन निळं झाकण फिरवलं. झाकणाच्या भोवती पांढरे खडे साचले होते, मिठागरासारखे. आबाने ते नखाने खरवडले आणि डबा ओतायला लागला. तान्ह्या वासराला पाजावं तसा, थेंब न सांडता.

हिलालच्या कानात कोणीतरी फरशीवरून बोललं. टाकीत काय टाकलं?

"आबा," तो म्हणाला. "पुना व्हता तवयबी तुम्हीच टाकेत का?"

"मंग? पोऱ्या थकीसन ये, झोपी जाये. इकतना डबा कसाले लेवाना? मी वाचं ना त्या डबावर. युरिया नि पानी. घरमा पोतं पडेल शे. आठ दिनमा केळीले देस, तसंच इले." आबाने झाकण लावलं, बोटं धोतराला पुसली. "पुनाले सांगं नही मी. तो बोंबलता, की आबा कष्ट नका करू. त्याना रिकामा डबामाच भरी ठेवू. त्या शेवटली खेपले तर टाकी काठोकाठ भरी दिधी व्हती."

हिलालच्या पायाने ड्रमला लाथ मारली. त्याने मारली असं म्हणता येणार नाही, पाय गेला. ड्रम कोलमडला, पाणी शेडभर पसरलं, आबाच्या चपला भिजल्या. त्याने पोतं उचलून बागेत फेकलं, दाणे पांढऱ्या गारांसारखे उडाले. डबा पायाखाली घालून चेचला.

"मना पोऱ्यानी गाडीनं पेवानं सांडस?" आबा किंचाळला. "हरामखोर!" त्याने शेडचा बांबू उपसला आणि हिलालच्या खांद्यावर घातला. मग कानावर. मग पाठीवर. म्हाताऱ्या हातांत एवढी ताकद असेल असं कोणाला वाटलं नसतं. हिलालच्या कानातून रक्त मानेवर उतरलं. त्याने हात वर केले नाहीत. तोंड मात्र दोनदा उघडलं. दोन शब्द बोलायचे होते, आणि ते बोलले असते तर आबा तिथेच, त्या ओल्या जमिनीवर, संपला असता. चंदनवर काठी मोडणाऱ्या माणसाला ते दोन शब्द म्हणजे टामीच होती.

त्याने तोंड मिटलं.

"मारा, आबा," तो म्हणाला. "अजून मारा."

आबा दमला. बांबू टाकून तो गाडीच्या चाकाशी खाली बसला आणि रडायला लागला.

हिलाल त्याच्यासमोर उकिडवा बसला. "गाडी मी लेस, आबा. हाईच. पन आजपासून इले मीच पाजसू. तुम्ही इना कोठेच हात लावानं नही. मनी आन शे."

आबाने नाक शिंकरलं. "तुले जमी का?"

"जमी."

नवी की जुनी, याचा निकाल असा लागला. भटू दलाल अजून वाट पाहतोय.

दुसऱ्या दिवशी गाडी टोचन लावून, दुसऱ्या गाडीमागे ओढत धुळ्याला नेली. चंदनचं आता स्वतःचं गॅरेज होतं, पत्र्याची एक खोली. हिलालला आत येताना पाहून त्याने डाव्या हातात पाना उचलला. उजवा हात मनगटातून वाकडाच राहिला होता. हिलाल हात खाली सोडून उभा राहिला. चंदनने पाना ठेवला आणि डाव्या हाताने त्याच्या तोंडात मारली. हिलाल हलला नाही. चंदनने आणखी एक मारली, एवढ्या जोरात की ओठ फाटला. मग तो धापा टाकत म्हणाला, "आता सांग. टाकीत काय टाकलं होतं?"

हिलालने सांगितलं. कोणी टाकलं तेही सांगितलं, आणि हे या खोलीबाहेर जाणार नाही अशी आण मागितली. चंदनने डाव्या हाताने आपलं वाकडं मनगट चोळलं.

"त्या म्हाताऱ्याने माझ्या पाठीवर काठी मोडली होती," तो म्हणाला.

"माहीत शे. मी व्हतो."

"टाकी काढावी लागेल. नळ्या, पंप, सेन्सर सगळं धुवावं लागेल. कितपत निघेल सांगत नाही." तो उठला, गाडीला यंत्र जोडलं, पडद्यावर बघत राहिला. आणि काम करता करता, सहज बोलावं तसं बोलला, "बाकी अशी गाडी एकदम बसत नाही हं. आधी पिवळा दिवा लावते. मग तो लुकलुकतो. मग आवाज देते. बराच वेळ सांगत राहते, मग ताकद कापते. त्याला कळलं असणार काहीतरी बिघडलंय."

हिलाल फाटलेला ओठ पुसता पुसता थांबला. "कोठे? कोठे कळनं व्हई त्याले?"

"शिरपूर सोडल्यावर. घाट लागायच्या बराच आधी."

घाट लागायच्या बराच आधी, पळासनेरच्या अलीकडे, पुनाने डिपर दिला होता. हिलालला आरसा आठवला, आरशातले ते दोन दिवे. भक, भक, भक. नेहमीपेक्षा जास्त वेळ. हिलाल हसला होता. त्याने लांब हॉर्न वाजवला होता, तुझ्या बापाला विचार, आणि पाय दाबला होता. थोड्या वेळाने पुन्हा डिपर आला होता. त्याने पुन्हा हॉर्न दिला होता.

गाडी सुधारली. आखाजीला रूपाने तिच्या चाकांखाली लिंबं ठेवली, आबाने ओवाळलं. आता हिलाल तीच गाडी घेऊन तोच घाट चढतो. सीटमागे टामी असते, निळ्या झाकणाला त्याने कुलूप लावलंय, आणि किल्ली गळ्यात. पळासनेर आलं की त्याची नजर आरशात जाते. मागून कोणी ओळखीच्याने डिपर दिला, तर तो हॉर्न वाजवत नाही. गाडी कडेला घेतो, उतरतो, चालत मागे जातो आणि खिडकीतून विचारतो, काय झालं? बहुतेकदा काही झालेलं नसतं. लोक त्याला हसतात.

सावद्याला, चोपड्याला, धुळ्याच्या ढाब्यावर, जिथे दोन जुने ड्रायव्हर बसलेले दिसतील तिथे तो बसतो, टेबलावर बोटांनी ताल धरून दाखवतो. एवढा वेळ चालू, एवढा वेळ बंद, असा तीनदा, आणि मग थोड्या वेळाने पुन्हा तसाच. आणि प्रत्येकाला तेच विचारतो:

"तूच सांग भो, असा डिपर कोणी दिधा, तर तो मस्ती करस, का थांब म्हनस?"